नाटक पडायची सोय

मराठीत नाटक ‘पडतं’. पडलं की निर्मात्याच्या डोक्यावर कर्ज, नेपथ्य गोदामात, आणि लेखकाच्या दाराशी कोणी फिरकत नाही. म्हणून व्यावसायिक निर्माता संहिता वाचतानाच शंभराव्या प्रयोगाची जाहिरात डोळ्यांपुढे ठेवतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पैसा त्याचा आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४पासून जी प्रायोगिक नाटकं झाली, त्यांची गोम याच हिशेबात आहे.

‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली. छबिलदासचं सभागृह मिळालं ते नंतर. नाट्यगृह म्हणून ते बांधलेलंच नव्हतं. खेळ कुठे मांडायचा, माणसं कुठे बसवायची, हे नाटकागणिक ठरवता येई. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ केलं ते कमानी रंगमंचाची चौकट मोडूनच. जयदेव हट्टंगडींनी लोर्काच्या ‘येर्मा’वरून ‘चांगुणा’ केलं, रोहिणी हट्टंगडी त्यात होत्या. ‘शिवाजी मंदिर’सारख्या व्यावसायिक नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असतो, इथे प्रेक्षक हातभर अंतरावर. खोटा हुंदका तिथे खपून जातो, इथे लगेच पकडला जातो. पण नुसत्या जवळिकीचं कौतुक मला पुरेसं वाटत नाही. लग्नाच्या हॉलातही माणसं जवळजवळच बसतात. खरी चैन होती ती नाटक पडू देण्याची: चार प्रयोगांत गुंडाळलं तरी कोणाचं घर गहाण पडत नव्हतं.

ही चैन फुकट नव्हती. तिचा खर्च नोकऱ्यांनी उचलला. पालेकर बँक ऑफ इंडियात होते. संध्याकाळी सुटणारं ऑफिस आणि पहिल्या तारखेला येणारा पगार हे प्रायोगिक रंगभूमीचे सर्वांत मोठे आश्रयदाते. (तालमी रंगत असताना घरी पोळ्या कोण लाटत होतं, हाही संशोधनाचा विषय आहे.) काकड्यांसारखा माणूस तारखा, भाडं, तिकिटं सांभाळत मागे उभा राहिला, म्हणून पुढे दिग्दर्शकांना प्रयोग करता आले. समीक्षेत मात्र व्यवस्थापकाच्या वाट्याला सहसा एखादीच ओळ येते.

छोटं नाट्यगृह मुद्दाम बांधताही येतं. जुहूचं ‘पृथ्वी’ १९७८मध्ये सुरू झालं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं, प्रेक्षक तीन बाजूंनी. तिथला पहिला प्रयोग गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा, हिंदीतला. पण ‘पृथ्वी’च्या मागे कपूर घराणं होतं, छबिलदासच्या मागे शाळा सुटल्यावर रिकामं पडणारं सभागृह.

पुढे ‘आविष्कार’चा मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत हलला. काकडे २०१९मध्ये जाईपर्यंत त्यात गुंतलेले होते. आज जागा शोधल्या तर मिळतात, भाडंही वर्गणी काढून जमतं. अडतं ते वेळेवर. प्रायोगिक नटाचं पोट आता बरेचदा मालिकेवर चालतं, आणि मालिकेचं शूटिंग संध्याकाळी साडेपाचला सुटत नाही.