जांभ्या जमिनीतील लोह आणि सुपर फॉस्फेट

कोकणातील जांभ्या जमिनीचा तांबडा रंग लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगाने झालेल्या लोह-ऑक्साइडचा होय. फाळावर चढणारा गंज त्याच जातीचा. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. म्हणून पावसाने चुना व पालाश वाहून गेले, तरी तो मागे राहिला. बांधकामाच्या चिऱ्यास कठीणपणा येतो, तोही त्याच्यामुळेच.

पिकास मात्र त्याचा एक गुण जाचक आहे. तो स्फुरद घट्ट धरून ठेवतो. सुपर फॉस्फेट शेतभर फोकून दिल्यास बरेचसे स्फुरद मुळांस मिळण्यापूर्वीच मातीत अडकते व रोख पैसे देऊन आणलेले पोते वाया गेल्यासारखे होते. ‘जमीन खत खाते’ ही शेतकऱ्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हे! याकरिता हे खत कुजलेल्या शेणखतात मिसळून बियाण्याच्या ओळीलगत, थोडे खोल द्यावे.

भातखाचरात निराळे घडते. पाणी साचून राहिले म्हणजे मातीतील प्राणवायू संपतो, तांबड्या लोहाचे रूप पालटून चिखल करडा दिसू लागतो व अडकलेले स्फुरद काही अंशी मोकळे होते. भात निघाल्यावर जमीन सुकते व लोह स्फुरदास पुन्हा धरते. तेव्हा भात चांगले आले, एवढ्यावरून मागाहून पेरलेल्या वालास स्फुरद देण्याचे टाळू नये.