लेसचें गांव, ताडपत्रीचीं घरें

चित्रकथा म्हटली कीं ती मुलांच्या सुटींतली वस्तु, अशीच आपल्या घरांतून समजूत असते. दुपारीं मुलें गप्प बसावींत म्हणून ती आणावयाची आणि शाळा उघडली कीं रद्दींत टाकावयाची. आमचेंही मत याहून निराळें नव्हतें. परंतु केट इव्हान्स या इंग्रज चित्रकर्तीचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘थ्रेड्स’ हें पुस्तक वाचलें, आणि तें मत आम्हांस बदलावें लागलें.

‘थ्रेड्स’ म्हणजे धागे. फ्रान्समधील कॅले हें बंदर लेसच्या विणकामाकरितां प्रसिद्ध आहे. समोरची सामुद्रधुनी जेथें सर्वांत अरुंद, तेथें इंग्लंडचा किनारा अवघा ३३ किलोमीटर. तो गांठण्याच्या आशेनें अफगाणिस्तान, सुदान, इराक, सीरिया येथून परागंदा झालेलीं हजारों माणसें २०१५ सालीं या गांवाबाहेर जमलीं. ताडपत्री, फळ्या आणि जुनीं कांबळीं यांचीं घरें उभीं राहिलीं. वस्तीस नांव पडलें ‘जंगल’. हा पश्तू लोकांच्या तोंडचा शब्द, आपल्याच शब्दाचा सोयरा.

इव्हान्सबाई तेथें मदतीस गेल्या, झोपड्या बांधूं लागल्या आणि पाहिलेलें चितारूं लागल्या. निर्वासित मनुष्य छायाचित्रास भितो, आणि तें रास्तच आहे. ओळख पटली तर मागें राहिलेल्या आप्तांवर संकट यावयाचें. रेषेंत दुःख उतरतें, चेहरा मात्र झांकतां येतो. म्हणूनच या पुस्तकांत गर्दी नाहीं, माणसें आहेत. चिखलांत खेळणारीं मुलें आहेत. स्वतःचा उद्यांचा ठाव नसतां पाहुण्यास जेवूं घातल्यावांचून न सोडणारा कुर्द यजमान आहे. मधूनच निर्वासितांस शिव्याशाप देणारे फोनवरील संदेश येतात, तेही बाईंनीं गाळले नाहींत. चित्रांभोंवतीं मात्र नाजूक लेसची किनार आहे.

त्या किनारीचाही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नॉटिंगहॅमच्या इंग्रज विणकरांनीं चोरून यंत्रें आणून हा धंदा कॅलेंत रुजविला. १८४८ च्या धामधुमींत तो बसतांच त्यांतील शेंकडों माणसें जहाजानें ऑस्ट्रेलियास गेलीं. ज्या गांवाची कीर्ति स्थलांतरितांच्या हातांनीं झाली, त्याच गांवाबाहेरची ही वस्ती २०१६ सालच्या आरंभीं अर्धीअधिक पाडण्यांत आली आणि ऑक्टोबरांत साफ उठविली गेली.

एक शंका राहते. परत जाण्यास ज्याच्या खिशांत पासपोर्ट आहे, त्यानें दुसऱ्याचें बेघरपण रंगवावें काय? बाईंस हा भेद ठाऊक आहे आणि त्या तो लपवीत नाहींत. म्हणून आम्हांस त्यांचा विश्वास वाटतो.

हें सारें दूरदेशींचें म्हणून सोडून देववत नाहीं. १९४७ नंतर आपलें घरदार टाकून आलेले सिंधी बांधव कल्याणजवळच्या लष्करी बराकींत राहिले. त्याच छावणीचें पुढें उल्हासनगर झालें. आगगाडींतून जातां येतां ती पाटी आपण वाचतों. परंतु पहिल्या पावसाळ्यांत तेथें चूल कशी पेटली, हें आपणांपैकीं किती जणांनीं विचारलें? तें सांगूं शकणारे वृद्ध आतां थोडेच उरले आहेत. आपल्या ओळखींत असें कोणी असेल, तर एखाद्या रविवारीं मुलांस घेऊन त्यांच्याकडे जावें आणि त्यांच्या हातीं पेन्सिल व कागद द्यावा. रेषा वेड्यावांकड्या आल्या तरी चालतील.