दिग्दर्शकाचं मत हे उत्तर नव्हे, गृहीतक : दादा कोंडके यांच्यावरून समजून घेऊ

पेट निघाली की पुढची अडचण विषयाची. सिनेमा आवडणारे बरेच जण 'अमुक दिग्दर्शकाचे विनोद, चित्रपट व राजकारणविषयक विचार : एक अभ्यास' असा सिनॉप्सिस लिहितात. मग आरआरसीत पहिलाच प्रश्न येतो, "यात शोधायचं काय?" मुलाखती गोळा करून मांडल्या तर ते संकलन झालं. संशोधनाला असं विधान लागतं, जे तपासता येईल आणि तपासल्यावर चुकीचंही ठरू शकेल. पुढची तीन-चार वर्षं त्याच एका विधानावर जाणार असतात, म्हणून दादा कोंडके (१९३२–१९९८) यांचं उदाहरण घेऊन बघू.

आधी नमुना ठरवा. 'सोंगाड्या' (१९७१) म्हटलं की दादाच आठवतात, पण त्याचे दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी. दादा दिग्दर्शक म्हणून दिसतात ते 'पांडू हवालदार' (१९७५) पासून. तुमचा विषय 'दिग्दर्शक दादा' असेल तर 'सोंगाड्या' यादीत बसत नाही. 'अभिनेता-निर्माता दादा' असेल तर बसतो.

आता विनोद. द्वयर्थी संवादांवर आक्षेप आला की दादांची बाजू साधारण अशी असायची : वाक्य साधंच आहे, वाईट अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आहे. आपण यावर हसतो आणि पुढं जातो. संशोधकानं इथं थांबायचं. व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार विनोदी मजकुरात परस्परविरोधी असे दोन अर्थपट एकाच वेळी बसतात. म्हणजे दुसरा अर्थ वाक्याच्या रचनेतच असतो. दादांचं म्हणणं बरोबर असेल तर वेगवेगळ्या श्रोत्यांना तो अर्थ कमी-जास्त लागायला पाहिजे. रास्किन बरोबर असतील तर बहुतेकांना लागायला पाहिजे. झालं ना गृहीतक तयार?

तपासणी अवघड नाही. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' सारखी शीर्षकं आणि काही संवाद घ्या. आपल्या हट्ट्यातला एक गट आणि पुण्यातला एक गट करा, दोन्हीकडं वयोगट सारखे ठेवा. निम्म्यांना नुसता मजकूर वाचायला द्या, निम्म्यांना सिनेमातला प्रसंग दाखवा. प्रसंग बघणाऱ्यांनाच दुसरा अर्थ लागला, तर तो शब्दांपेक्षा आवाजात आणि चेहऱ्यावर आहे. मग दोन्ही बाजू अपुऱ्या ठरतात, आणि खरी मजा तिथंच आहे.

राजकारणात जास्त सावध राहा. दादा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले आणि पुढं शिवसेनेच्या प्रचारात उतरले. दादरच्या कोहिनूर थिएटरात 'सोंगाड्या' लागावा म्हणून बाळासाहेब ठाकरे मदतीला आले, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. पण किस्सा आणि दस्तऐवज वेगळे. 'एकटा जीव' या आत्मकथनातल्या आठवणी बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आहेत, त्या १९७१ च्या वर्तमानपत्रांशी आणि थिएटरच्या जाहिरातींशी ताडून बघाव्या लागतात.

शिवाय पक्ष माहीत असला की सिनेमात तोच दिसायला लागतो. यावर उपाय म्हणजे कोडिंग. पोलीस, सरपंच, सावकार, पुढारी असलेला प्रत्येक प्रसंग नोंदवा : हसू कुणाच्या खर्चानं येतं? 'पांडू हवालदार' मध्ये नायकच पोलीस आहे. मग तिथं सत्तेला हसतात, की सत्तेच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला? हे काम दोघांनी स्वतंत्रपणे करावं, दोघांनाही तुमचं गृहीतक सांगू नका, आणि कोहेनच्या कप्पानं त्यांचं किती जुळतं ते मोजा. जुळत नसेल तर आधी नोंदींच्या व्याख्या दुरुस्त करा, निष्कर्ष नंतर.

आता तुमच्या आवडत्या दिग्दर्शकाच्या मुलाखतीतलं एकच वाक्य काढा आणि त्याखाली लिहा : 'हे चूक आहे असं मी केव्हा मान्य करीन?' याचं उत्तर लिहिता आलं, तर विषय घेऊन गाईडकडं जा. नाही आलं, तर वाक्य बदला.