ऐकू येणं नेमकं कुठे अडतं?

‘बहिरेपणावर इलाज सापडला’ असा ठळक मथळा मधूनच वर्तमानपत्रात येतो. ज्या घरात ऐकू न येणारं मूल आहे, तिथे आशेचा दिवा लागतो. आशा चांगलीच, पण कधी कधी तिच्या भरवशावर माणसं हाताची घडी घालून बसतात. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण कवीचं सगळं भांडवल कानातूनच येतं. म्हणून या बातमीत खरं काय आहे, हे मी जमेल तसं समजून घेतलं. तेच आज आपल्याला सांगतो.

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसता दरवाजा. आवाजाने कानाचा पडदा थरथरतो आणि तीन इवल्याशा हाडांवाटे ती थरथर आतल्या कानात पोचते. तिथे शंखासारखी, अडीच वळशांची एक नळी आहे. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. बाहेरच्या ओळींतल्या पेशी आवाजाला जोर देतात. आतल्या ओळीतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी एक रसायन सोडून मज्जातंतूला जागं करतात आणि निरोप मेंदूकडे जातो.

आता लक्षात येईल की बहिरेपण हा एकच आजार नाही. निरोप कुठेही अडू शकतो. केशपेशीच मेल्या, तर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये मात्र उगवतात, हे १९८८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तेव्हापासून माणसाच्या कानातही असं काही घडवता येईल का, याचा शोध चालू आहे. अमेरिकेत कानात टोचायच्या अशा एका औषधाची चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला. नकली औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही.

मग मथळा कशाचा होता? काही मुलांच्या केशपेशी जिवंत, धडधाकट असतात. पण रसायन सोडायला लागणारं ओटोफर्लिन नावाचं प्रथिन त्यांच्यात बनत नाही, कारण त्याचं जनुक सदोष असतं. पत्र लिहून तयार आहे, पण पेटीत टाकणारा हातच नाही, असा हा प्रकार. निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर घालून चांगलं जनुक आत पाठवायचं, तर ते त्याला पेलवत नाही, इतकं लांब. मग शास्त्रज्ञांनी त्याचे दोन तुकडे केले आणि दोन विषाणूंकरवी पाठवले. पेशीत ते जोडले जातात. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात ६ मुलांवर हा उपचार झाला. जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वृत्तांत आला: २६ आठवड्यांत ५ मुलांना ऐकू येऊ लागलं, एकाला नाही.

ही मोठीच गोष्ट आहे. पण हे एकाच जनुकाचं दुखणं आहे आणि जन्मतः बहिऱ्या मुलांत अशी मुलं मोजकीच असतात. गोंगाटाने किंवा वयाने गेलेला कान यातून परत येत नाही.

यात आईबापांनी ध्यानात ठेवावी अशी एक खोच आहे. नवजात बाळाच्या एका तपासणीत कानात बारीक आवाज सोडून बाहेरच्या ओळींतल्या पेशींचा प्रतिध्वनी टिपतात. ओटोफर्लिन नसलेल्या बाळाच्या या पेशी चांगल्या असू शकतात. मग बाळ ‘पास’ होतं आणि तरी त्याला ऐकू येत नाही! निरोप मेंदूपर्यंत जातो की नाही, हे कळतं ‘बेरा’ चाचणीत. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून ती करतात, दुखत नाही. म्हणून ‘पास’ झालेलं बाळही आवाजाला दचकत नसेल, तर ‘बेरा’ मागून घ्या.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करते. भाषा पहिल्या दिवसापासून कानातून शिरते, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखलं होतं. मेंदू भाषा शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. म्हणूनच तज्ज्ञ सांगतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू.

उपाय आजही आहेत. श्रवणयंत्र आहे. त्याने भागत नसेल, तर कॉक्लियर इम्प्लांट केशपेशींना वळसा घालून थेट मज्जातंतूला विजेचे संकेत देतं. मात्र त्यानंतर बोलण्याचं शिक्षण चिकाटीने द्यावं लागतं. लहान मुलांच्या या शस्त्रक्रियेसाठी केंद्र सरकारची मदत योजना आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करता येते. आणि खुणांची भाषा ही दुय्यम नव्हे, पुरी भाषा आहे. तीही मुलाला लवकर मिळू द्या.

नव्या इलाजाची वाट जरूर पाहावी, पण बसून नव्हे. संशोधन आपल्या गतीने येईल; मुलाची शिकण्याची वर्षं त्यासाठी थांबणार नाहीत.