चटई लांब, नळ बारीक

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर नवा टॉवर उभा राहू लागला की एकच तक्रार ऐकू येते: अजून किती मजले चढवणार? तक्रारीमागचा वैताग खरा आहे, पण बोट भलतीकडे रोखलेले आहे. उंची आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी. गिरगाव-भुलेश्वरच्या तीन-चार मजली चाळींत माणसे कमालीच्या दाटीने राहिली. त्या घरांचे हाल कोणी गोड करून सांगू नयेत. पण तिथला कारकून पायी चर्नी रोड स्टेशन गाठायचा, बाजार जिन्याखाली होता आणि पाणी महापालिकेच्या नळाला येत होते. घोडबंदरच्या तिसाव्या मजल्यावरच्या माणसाला घर मोठे मिळाले, खिडकीतून येऊरचा डोंगरही दिसतो. दूध-भाजीपलीकडच्या बहुतेक कामांना मात्र गाडी काढावी लागते. दाटी सोसवते की नाही, हे घराच्या दाराबाहेर काय आहे त्यावर ठरते. आपले नियम मात्र ती प्लॉटच्या कुंपणाच्या आत मोजतात.

१९८१च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. पुढच्या वर्षी महापालिका झाली, कळवा-मुंब्र्यासह अनेक गावे हद्दीत आली, आणि २०११पर्यंत आकडा १८ लाख ४१ हजारांवर गेला. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजचे नियोजन पुष्कळसे अंदाजावर चालते. या वाढीचा मोठा वाटा घोडबंदरच्या पट्ट्याने उचलला. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून एकच मोठा रस्ता. कोलशेत-माजिवड्याकडचे कारखाने बंद पडत गेले, तशी त्यांच्या जागी संकुले उभी राहिली. लोकल मात्र अजूनही ठाणे स्टेशनवरच पकडायची. वडाळा ते कासारवडवली या मेट्रो-४ला मंजुरी मिळाली २०१६मध्ये. तोवर इथे हजारो कुटुंबे राहायला आली होती. शिवाय उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनरही याच रस्त्याने गायमुखचा घाट चढतात.

आता नियम पाहू. मुंबई शहर वगळता राज्याच्या बहुतेक भागाला २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात मोठ्या महापालिकांसाठी मूळ एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते माप) १.१ आहे. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) विकत घेऊन किती चढवायचे, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते: नऊ मीटरच्या रस्त्यावर एकूण २, तीस मीटर किंवा अधिक रुंदीच्या रस्त्यावर ३. शिवाय निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय, म्हणजे कमाल ४.८. (पूर्वी बाल्कन्या, जिने वगैरे एफएसआयबाहेर असत, ते आता यात आले, त्यामुळे हा सगळा आकडा नवा नाही.) एका एकरावर हे दोन लाखांहून थोडे अधिक चौरस फूट झाले. हजार फुटांचा एक फ्लॅट धरा, घरटी चार माणसे धरा: दोनशे घरे, आठशे माणसे. माणशी १३५ लिटरच्या शासकीय मापाने रोज एक लाख आठ हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास अकरा टँकर. फक्त एका एकराला! रस्त्याची रुंदी हे अग्निशमनाच्या बंबासाठी ठीक माप आहे. जलवाहिनी किती जाड आहे, हे त्यावरून कळत नाही. आणि घोडबंदरच्या रुंदीला तर ट्रकच कारण आहेत. जी रुंदी कंटेनरसाठी लागते तिच्याच जोरावर मजले मिळावेत, हा हिशेब अजब आहे.

ही नुसती कागदी भीती नाही. २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली. २०१६मध्ये पाण्यावरून पुण्यातल्या बाणेर-बालेवाडीचा नंबर लागला, २०१७मध्ये घोडबंदरचा. ठाणे महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार दारांतून तिला पाणी घ्यावे लागते; काळू धरण वर्षानुवर्षे रखडलेले आहे. न्यायालयाच्या बंद्या पुढे सुटल्या, कामे सुरू झाली. पण नगररचनेच्या टेबलावर विचारला जायला हवा होता तो प्रश्न जनहित याचिकेतून विचारला गेला, तोही घरे विकली गेल्यावर.

मग मजलेच रोखा, असे म्हणणाऱ्यांना शिळफाट्याची आठवण करून द्यावी लागेल. एप्रिल २०१३मध्ये तिथली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. अधिकृत घर आवाक्याबाहेर गेले की माणूस शहर सोडत नाही, तो मिळेल त्या भिंतीआड राहतो. शिवाय तेवढीच घरे दुमजली बांधायची तर भिवंडी-शहापूरकडची शेते गिळावी लागतील आणि लोकलचा प्रवास तासाने वाढेल. दाट वस्ती हवीच. ती कुठे आणि कधी, एवढाच वाद आहे.

दुसरा आक्षेप बिल्डरांचा, आणि तो टाकाऊ नाही: आधी पाणी, आधी मेट्रो म्हणत बसलो तर घरे होणारच नाहीत, भाव आणखी चढतील. यावर जुना दाखला मुंबईतच आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंगा वसवताना आधी रस्ते आणि गटारे आखली, प्लॉट नंतर दिले. जुन्या वस्त्या पाडून त्याने गरिबांना बेघर केले हे पापही त्याच्याच माथी आहे. पण कामांचा क्रम त्याला कळला होता. आणि सगळे थांबवा असे कोण म्हणते? प्रत्येक प्रभागासाठी पाणी, सांडपाणी आणि सार्वजनिक वाहतूक यांची क्षमता मोजून जाहीर करावी, आणि जादा एफएसआय त्या शिल्लकीतूनच द्यावा. मेट्रो धावू लागली की स्थानकापासून पायी अंतरावर मजले खुशाल वाढवावेत, पण तिथे पार्किंगची सक्ती कमी करावी. आज दाट इमारतीला आपण पार्किंगचे पोडियम बांधायला लावतो, आणि मग त्यातल्या गाड्या कापूरबावडी नाक्यावर अडकल्या की लोकसंख्येला दोष देतो. भाव चढतील हे खरे, पण आजचा भाव तरी पुरता कुठे सांगितला जातो? महापालिकेचे पाणी पुरेसे येईपर्यंत आपण पाणी पुरवू, असे हमीपत्र पुणे परिसरात विकासकाकडून घेतले जाते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळते, सोसायटी स्थापन होते, विकासक पुढच्या प्लॉटकडे वळतो, आणि टँकरचे बिल दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये जमा होते. फ्लॅटच्या जाहिरातीतल्या किमतीत ते कधीच धरलेले नसते.