वाळवंटात घर घेण्याआधी

निवृत्तांसाठी वाळवंटात गाव वसवण्याची कल्पना अमेरिकेत रुजवली ती ॲरिझोनातल्या सन सिटीने. फिनिक्सजवळची डेल वेब यांची ही वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली. घरात किमान एक जण ५५ वर्षांचा हवा. नातवंडांनी यावं, पण पाहुणे म्हणून.

घर बघायला लोक जानेवारीतल्या गुलाबी थंडीत जातात आणि फसतात. जावं जुलैत! २०२३ मध्ये फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ४३ अंश सेल्सिअसच्या वर चढला. त्या वर्षी फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ जण दगावले. चंद्रपूरचा मे महिना काढलेल्यांनीही फुशारकी मारू नये. विदर्भाला जूनचा पाऊस निववतो, इथे जुलै सर्वांत कडक. एसी बिघडला तर त्याच दिवशी दुरुस्त करणारा माणूस हाताशी हवा.

सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवर राज्याचा कर नाही, हे आमिष खरं आहे.

पाण्याचं काय? केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना फिनिक्स परिसरात परवानगी देणं राज्याने २०२३ मध्ये थांबवलं. शिवाय इथल्या मातीतल्या बुरशीमुळे होणारा ‘व्हॅली फीवर’ न्यूमोनियासारखा भासतो. दमेकऱ्यांनी आणि मधुमेहींनी आधी डॉक्टरांशी बोलावं. आणि पहिला उन्हाळा भाड्याच्या घरातच काढावा.