अंतिम सामना तिचाही असतो

मैत्रिणींनो, ६ फेब्रुवारी २०२२ हा दिवस आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. त्या सकाळी लतादीदी गेल्या. बारामती असो की इंदापूर, घराघरात टीव्हीवर शिवाजी पार्कच दिसत होतं आणि आपण पदराने डोळे टिपत होतो.

पण त्याच दुपारी, आपल्याच महाराष्ट्रात, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आणखी काहीतरी घडत होतं. महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना! चीन विरुद्ध दक्षिण कोरिया. त्या दिवशी आपलं लक्ष तिकडे जाणं शक्यच नव्हतं. म्हणूनच आज त्याची गोष्ट सांगते.

अशा स्पर्धेत आधी गटाचे सामने होतात आणि मग सुरू होते बाद फेरी. आपल्याकडच्या कुस्तीसारखीच. हरला तो बाहेर, जिंकला तो पुढे. या फेरीतले काही सामने तर आपल्या जिल्ह्यातच, पुण्याला बालेवाडीत झाले. कोरियाच्या मुलींनी बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असं हरवलं ते तिथेच.

अंतिम सामन्यात मध्यंतराला कोरिया २-० असा पुढे होता. चीनचं काही खरं नाही, असंच कोणीही म्हणालं असतं. पण दुसऱ्या डावात चीनला पेनल्टी मिळाली, एक गोल झाला. चारच मिनिटांत दुसरा. बरोबरी! आणि नव्वद मिनिटं संपल्यावर, जादा वेळेत, श्याओ युयी या मुलीने तिसरा गोल केला. ३-२. चीनने नवव्यांदा चषक जिंकला, तोही २००६ नंतर पहिल्यांदा. त्यांची प्रशिक्षकही बाईच होती, शुई छिंगश्या. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या चीनच्या संघात ती स्वतः खेळलेली.

आणि आपल्या मुली? त्यांचं ऐकून तर जीव हळहळतो. स्पर्धा आपल्या देशात, प्रेक्षक आपले. पहिल्या सामन्यात इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता, पण करोनाने संघात असा शिरकाव केला की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. सामना झालाच नाही आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. हरून नव्हे, न खेळताच! वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या त्या पोरींना काय वाटलं असेल?

न खेळताच बाहेर पडणं बायकांना नवीन नाही म्हणा. फुटबॉलचं माहेरघर म्हणजे इंग्लंड. तिथे २६ डिसेंबर १९२० रोजी कारखान्यात काम करणाऱ्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक लोटले होते. जमलेला पैसा गेला युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मदतीला. मग काय व्हावं? पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही, आपल्या सदस्य क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली! ती उठल्यावर १९७१ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय चषकाचा पहिला अंतिम सामना झाला. आणि २०२३ मध्ये त्याच चषकाच्या अंतिम सामन्याला वेम्बली मैदानावर ७७ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. खेळ तोच, बायकाही त्याच. बदललं ते फक्त मैदान देणाऱ्यांचं मन.

आपल्याकडे असा ठराव कोणी केला नाही. पण न लिहिलेले ठराव काय कमी असतात? बचत गटाच्या कामानिमित्त मी गावोगाव फिरते. सातवी-आठवीपर्यंत मुलगी शाळेच्या मैदानावर हुंदडते. पाळी सुरू झाली, की घरातून आवाज येतो, "आता पुरे गं." कुठे मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, कुठे संध्याकाळी सरावानंतर घरी सोडणारं कोणी नसतं. "पोरीच्या जातीला कशाला पळापळ?" हे तर ठरलेलंच.

मला मात्र बेलवाडीचं रिंगण आठवतं. तुकोबांची पालखी आपल्या बारामती-इंदापुरातून जाते, तेव्हा बेलवाडीच्या गोल रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका कशा धावतात! साठीच्या आजीही असतात त्यांत. तेव्हा कोणी म्हणतं का, बाईने धावू नये? उलट आपण हात जोडतो. मग आपल्या लेकीने चेंडूमागे धावलं तर काय बिघडलं?

आणि वाटा आहेत बरं का. शाळांसाठीच्या सुब्रतो चषक स्पर्धेत २०१२ पासून मुलींचाही गट आहे. जिल्ह्यापासून सुरू होऊन जिंकत गेलं, तर थेट देशपातळीवर पोचता येतं. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जाऊन विचारा, आमच्या मुलींचा संघ आहे का? नसेल तर का नाही? पाचजणी मिळून विचाराल तर उत्तर द्यावंच लागेल.

घरातही थोडं लक्ष हवं. खेळणाऱ्या मुलीला फक्त चहा-बिस्किटावर ठेवू नका. शेंगदाण्याचा लाडू, उसळ, पालेभाजी, जमलं तर अंडं द्या. रक्त कमी असेल तर आरोग्य केंद्रात तपासून घ्या. पायात धड बूट हवेत. आणि पाळीच्या दिवसांत खेळायचं की विश्रांती घ्यायची, हे तिचं तिला ठरवू द्या.

प्रत्येकीची लेक काही चषक उचलणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण २-० ने मागे पडल्यावरही अजून पंचेचाळीस मिनिटं हातात आहेत, हे जिला मैदानावर कळलं, ती पुढे सासरी, नोकरीत, आजारपणात सहजासहजी हात टेकणार नाही. एवढ्यासाठी तरी तिला संध्याकाळचा तासभर द्या. स्वयंपाकाला एक दिवस उशीर झाला तर चालतं की!